आईला घरभाडं द्यायचं म्हणतोय, गणित तपासून द्या

मधला_गडी | १४ जून २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय.

पुण्यात कोथरूडला तीन बेडरूमचा फ्लॅट आहे. बाबा गेल्यावर ताईने आणि मी हक्कसोडपत्र केलं, त्यामुळे घर आता पूर्ण आईच्या नावावर आहे. मी, बायको, मुलगी आणि आई, सगळे तिथेच राहतो. ताई नाशिकला. आई निवृत्त शिक्षिका आहे, पेन्शन महिना ३०,००० आणि एफडीचं व्याज वर्षाला लाखभर.

माझा पगार वर्षाला १८ लाख. बेसिक महिना ६०,०००, एचआरए (घरभाडे भत्ता) २४,०००. ऑफिसातला एक मित्र मला रोज वेड्यात काढतो. म्हणतो, "आईला पंचवीस हजार भाडं दाखव, वर्षाला एकाहत्तर हजार वाचतात. गेल्या वर्षीचंही दाखव, रिटर्न अजून भरायचंय ना? बारा पावत्या लिहून घे आईकडून."

काल जेवताना आईजवळ विषय काढला. ती म्हणाली, "पोटच्या पोराकडून भाडं घेऊ? उद्या पोळ्यांचे पैसे द्यायला लागशील." मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "किती म्हणालास?"

तर प्रश्न असे: हे कायदेशीर आहे का? आईला कर बसेल का? आणि गेल्या वर्षीचं दाखवता येईल का?

आगाऊ_पाटील | १४ जून

बिनधास्त कर. आमच्या कंपनीत निम्मे लोक करतात. वर्षाला लाखाच्या आत भाडं दाखवलं तर घरमालकाचा पॅनही द्यावा लागत नाही. ८,३०० रुपये महिना टाक आणि झोप.

सीए_काकू | १५ जून

पाटील, तुमच्यासारख्यांमुळेच आमची घरं चालतात. नोटिशीचं उत्तर लिहायचे आम्ही वेगळे पैसे घेतो.

मधला गडी, एकेक करून सांगते.

आईला भाडं देऊन एचआरएची सूट घेणं पूर्ण कायदेशीर आहे. घर तुमच्या मालकीचं नसावं, भाडं खरोखर दिलेलं असावं आणि तुम्ही तिथे राहत असावं, एवढंच. हक्कसोडपत्र केलंय ते फार बरं झालं. तुमचा त्या घरात हिस्सा असता तर तेवढ्यापुरता घोळ झाला असता, कारण स्वतःच्या घराचं भाडं स्वतःला देता येत नाही.

एकत्र राहता, तेही चालतं. फक्त करारात लिहा की दोन खोल्या तुमच्या वापराला, एक आईची, हॉल-स्वयंपाकघर सामाईक. आणि भाडंही त्या मानाने ठेवा. पूर्ण फ्लॅटचं बाजारभावाने जितकं येईल तितकं लावू नका.

आता गेल्या वर्षीचं. २०२४-२५ मध्ये तुम्ही आईला एक रुपया भाडं दिलेलं नाही. मग पावत्या कशाच्या लिहिणार? याला कर वाचवणं म्हणत नाहीत. पकडलं गेलं तर चुकीची माहिती दिल्याबद्दल कलम २७०ए खाली बुडवलेल्या कराच्या २००% दंड आहे, वर कर आणि व्याज वेगळं.

आणि पकडलं जातं. वर्षाला लाखाच्या वर भाडं असेल तर कंपनीला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, तो टीडीएसच्या (पगारातून कापलेल्या कराच्या) विवरणातून आयकर खात्याकडे जातो आणि आईच्या एआयएसमध्ये (खात्याकडच्या वार्षिक माहितीपत्रकात) भाडं मिळाल्याची ओळ उमटते. आईने रिटर्नमध्ये ते दाखवलं नसेल तर दोन्ही बाजू जुळत नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये खुद्द सीबीडीटीने (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने) प्रसिद्धीपत्रक काढलं होतं. २०२०-२१ सालच्या काही प्रकरणांत भाडेकरूने दिलेलं आणि घरमालकाने दाखवलेलं भाडं जुळत नव्हतं म्हणून तपासणी केली, असं त्यात म्हटलं होतं. सरसकट मोहीम नाही, हेही त्यातच होतं, पण संगणकाला मोहिमेची गरज लागत नाही. शिवाय या वर्षीपासून रिटर्नमध्येच बेसिक, मिळालेला एचआरए, दिलेलं भाडं, कामाचं शहर, सगळं वेगवेगळं भरायला लागतंय.

शंकासूर | १५ जून

काकू, पण रोख दिलं तर? आईच्या हातात पाकीट दिलं, तिने कपाटात ठेवलं. घरातला व्यवहार घरातच.

सीए_काकू | १५ जून

मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाचा २०१७ चा एक निकाल आहे. एका बाईंनी आईला भाडं दिल्याचं दाखवून एचआरए घेतला. करार नाही, बँकेतून पैसे गेल्याची नोंद नाही, सोसायटीला भाडेकरूबद्दल काही कळवलेलं नाही. सूट नाकारली गेली. भाडं आईला दिलं म्हणून नाकारली असं नाही बरं का, दिल्याचं पटवता आलं नाही म्हणून.

दर महिन्याला ठरल्या तारखेला, बँकेतून, आईच्या एकटीच्या खात्यात. ज्या खात्यात दुसरं नाव तुमचं आहे त्यात नको. आणि रोख देणारच असाल तर पाच हजारांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, तो आठवणीने चिकटवा.

वामकुक्षी | १६ जून

मित्राचे ते एकाहत्तर हजार कुठून आले? मला गणित जमत नाही पण आकडे हुंगायची सवय आहे.

सीए_काकू | १६ जून

मांडते. एचआरएची सूट तीन आकड्यांतला सगळ्यात लहान:

मिळालेला एचआरए: २,८८,०००.
बेसिकच्या ४०%: २,८८,०००. (२०२५-२६ साठी ५०% मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईलाच. पुणेकरांनी यावर कितीही पत्रं लिहिली तरी या वर्षी पुणे ४०% मध्येच आहे.)
भाडं वजा बेसिकच्या १०%: ३,००,००० − ७२,००० = २,२८,०००.

म्हणजे सूट २,२८,०००. त्यावर ३०% कर आणि सेस (करावरचा उपकर) धरून ३१.२% केलं की ७१,१३६ होतात. मित्राचं इथपर्यंत बरोबर आहे.

पण एचआरए फक्त जुन्या कररचनेत आहे. मित्राने नवी रचना हिशोबात धरलीच नाही. २०२५-२६ साठी नव्या रचनेत तुमचे १८ लाख वजा ७५,००० (स्टँडर्ड डिडक्शन, पगार-पेन्शनवरची ठरावीक वजावट) म्हणजे १७,२५,००० वर कर १,४५,०००, सेससकट १,५०,८००.

जुन्यात: १८ लाखांतून ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन, २,५०० व्यवसाय कर, एचआरए २,२८,०००, ८०सी चे (पीएफसारख्या बचतीचे) १,५०,०००, आरोग्य विम्याचे तुमचे २५,००० आणि ज्येष्ठ आईचे ५०,००० (दोन्ही पूर्ण भरता असं धरून). उरले १२,९४,५००. कर सेससकट २,०८,८८४.

म्हणजे आईला भाडं देऊन, करार करून, सगळ्या वजावटी घेऊनही जुन्या रचनेत तुम्ही ५८,०८४ रुपये *जास्त* भरणार.

वामकुक्षी | १६ जून

😂😂 मित्राला हा धागा पाठवा.

मधला_गडी | १६ जून

काकू, डोकं सुन्न झालं. पण एक सांगायचं राहिलं. माझा मोशीला एक फ्लॅट आहे, कर्जावर. तो भाड्याने दिलाय, १४,००० येतात. कर्जाचं व्याज वर्षाला ३,६०,०००. शिवाय एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) पन्नास हजार स्वतःहून टाकतो. याने काही फरक पडेल?

सीए_काकू | १६ जून

ही माहिती शेवटी देण्याची पद्धत पुणेरी की आणखी कुठली? माझ्याकडे येणारा प्रत्येक जण उठता उठता दारात सांगतो, "आणि हो, एक फ्लॅट आहे."

पडेल. मोशीचं भाडं १,६८,०००, त्यातून सरसकट वजावटीचे ३०% गेले, उरले १,१७,६००. व्याज ३,६०,०००. तोटा २,४२,४००. जुन्या रचनेत त्यातले २ लाख पगारातून वजा होतात. नव्यात हा तोटा पगाराला लावता येत नाही. एनपीएसचे ५०,०००ही जुन्यातच.

आता जुन्यात उत्पन्न १०,४४,५००, कर सेससकट १,३०,८८४. नव्यात तेच १,५०,८००.

वाचले १९,९१६. एकाहत्तर हजार विसरा.

शंकासूर | १७ जून

स्वतःचा फ्लॅट त्याच शहरात असताना एचआरए मिळतो? कंपनीवाले नाही म्हणतात.

सीए_काकू | १७ जून

मोशीचा फ्लॅट भाड्याने दिलाय आणि मालक कोथरूडला राहतोय. अडचण नाही. फ्लॅट रिकामा ठेवून शेजारच्या गल्लीत आईला भाडं दाखवलं तर मात्र उत्तर तयार ठेवायला लागेल.

नाशिककर | १७ जून

माझा वेगळा मुद्दा. मी ताईच्या बाजूने बोलतोय, कारण आमच्या घरात मी ताईच्याच जागी आहे. धाकट्या भावाने आईबरोबर असाच करार केला. दोन वर्षांनी आई गेली. भाऊ म्हणाला, मी भाडेकरू आहे, मला काढता येणार नाही. वकील, तारखा, दिवाळीचं येणं-जाणं बंद. शेवटी मिटलं, पण बहीणभाऊ म्हणून आम्ही पूर्वीसारखे राहिलो नाही. करार करायच्या आधी ताईला फोन करा. नंतर नको.

कागदपत्रे_घेऊन_या | १७ जून

नोंदणीच्या कामात वीस वर्षं काढलीत म्हणून लिहितो. नाशिककरांच्या भावाकडे कुठला कागद होता ते माहीत नाही, पण आपल्याकडे जो लीव्ह अँड लायसन्स (जागा वापरायच्या नुसत्या परवानगीचा) करार होतो त्याने राहणाऱ्याला घरात कुठलाही हक्क मिळत नाही. मुदत संपली की जागा रिकामी करायची. ताईला उलट हा कागद वाचायला द्या. नुसतं तोंडी 'भाडेकरू' म्हणण्यापेक्षा ती त्यात जास्त सुरक्षित आहे. आईने मृत्युपत्र केलं नाही तर घर दोघांत सारखं वाटलं जाणार. भाडं दिलं म्हणून भावाचा वाटा वाढत नाही.

दुसरं. 'अकरा महिन्यांचा करार नोंदवायला लागत नाही' असं अजूनही लोक ठासून सांगतात. महाराष्ट्रात हे खोटं आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मुदत कितीही असो. आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे तुम्ही कर वाचवणार आणि आत जायची पाळी आईवर.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५%. २५,००० गुणिले ११, म्हणजे सातशेच्या आतबाहेर. डिपॉझिट ठेवलं तर त्यावर वर्षाला १०% व्याज धरून तेही मिळवतात. आईकडे कसलं डिपॉझिट! नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र घरी घेऊन येणाऱ्या एजंटाचे वेगळे.

मधला_गडी | १८ जून

काल रात्री ताईला फोन केला. आधी शांतता. मग म्हणाली, "म्हणजे आईला दर महिन्याला पंचवीस हजार मिळणार? तिच्या खात्यात? मग माझी कसली हरकत? तू आत्ता किती देतोस तिला?"

मी काय देतो? लाईटबिल माझं, किराणा माझा. आईच्या हातात असं काही देत नाही. हे ताईला सांगताना जरा कसंतरी झालं.

आगाऊ_पाटील | १८ जून

अरे पण पैसे आईच्या खात्यात गेले की पुढे आईने तुला परत ट्रान्सफर केले तर कुणाला कळतंय?

सीए_काकू | १८ जून

बँकेला कळतं, आणि बँक कुणाला सांगते ते तुम्हाला कळत नाही.

पाच तारखेला पंचवीस हजार गेले आणि सहा तारखेला पंचवीस हजार परत आले तर ते भाडं नाही, झोपाळा आहे. आईचे पैसे आईचे. तिने त्यातून नातीला सायकल घेतली, ताईला साडी घेतली, काशीला गेली, तुम्हाला दिवाळीला दहा हजार दिले, सगळं चालतं. आईला दिलेल्या पैशांवर क्लबिंग (त्यातून येणारं उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरणं) नाही. तिने त्यातून एफडी केली तर व्याज तिचंच. बायकोच्या नावाने हाच खेळ केलात तर क्लबिंग लागतं, म्हणून तिथे फार जपून. (बायकोच्या मालकीच्या घराचं भाडं नवऱ्याने दिलं आणि अहमदाबादच्या न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये ते मान्य केलं, असंही आहे. पण तिथेही पैसे खरे गेले होते.)

आईच्या कराचं राहिलं. भाडं ३,००,०००, त्यातून ३०% सरसकट वजा, उरले २,१०,०००. घरपट्टीची वजावट भाड्याने दिलेल्या भागापुरती मिळेल, ती तूर्त बाजूला ठेवू. पेन्शन ३,६०,००० वजा ७५,००० म्हणजे २,८५,०००. व्याज लाखभर. एकूण ५,९५,०००. नव्या रचनेत या वर्षी १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो. आईने नवी रचना घ्यायची, तुम्ही जुनी. एकाच घरात दोन रचना चालतात. रिटर्न मात्र आईने भरायचंच. ज्येष्ठांना धंदा-व्यवसाय नसेल तर अॅडव्हान्स टॅक्सची कटकट नाही.

लोकलचा_प्रवासी | १९ जून

काकू, मी मुंबईत, पगार ३२ लाख, बेसिक १६, एचआरए ८. वडिलांच्या दादरच्या घराचं भाडं महिना ६०,००० देतो, खरोखर देतो. मला परवडतं का?

सीए_काकू | १९ जून

२४ लाखांच्या वर पगार असेल तर स्टँडर्ड डिडक्शन सोडून साधारण ८ लाखांच्या वजावटी जमल्या तरच जुनी रचना परवडते. तुमची एचआरए सूट ५,६०,०००. त्यात ८०सी, विमा आणि एनपीएस पूर्ण भरलं तर ८,३५,०००. काठावर पास, अकरा-बारा हजार वाचतील.

पण तुमचं भाडं महिना ५०,००० च्या वर आहे. म्हणजे वडिलांचा टीडीएस तुम्ही कापायचा, कलम १९४-आयबी. ऑक्टोबर २०२४ पासून दर ५% चा २% झालाय. वर्षातून एकदा, मार्चच्या भाड्यातून किंवा घर सोडलं त्या महिन्यात. फॉर्म २६क्यूसी भरा आणि वडिलांना १६सी (कर कापल्याचं प्रमाणपत्र) द्या. वर्षाचे १४,४०० होतात, त्यांच्यावर कर नसेल तर त्यांना परतावा मिळेल. वडिलांचा टीडीएस कापणाऱ्या मुलांकडे वडील कसे बघतात ते मी पाहिलंय.

शेंडेफळ | २० जून

माझं घर मोठ्या भावाच्या नावावर आहे. तो न्यू जर्सीला. त्याला भाडं दिलं तर?

सीए_काकू | २० जून

मालक अनिवासी असेल तर ५०,००० ची मर्यादा विसरा. पहिल्या रुपयापासून ३१.२% टीडीएस, त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढा, तिमाही विवरण भरा. भावाने कमी दराचं प्रमाणपत्र आणलं तर दर उतरतो. भाडं त्याच्या एनआरओ (अनिवासींच्या इथल्या) खात्यात. भावाचं प्रेम तपासायची ही उत्तम परीक्षा आहे.

टेम्सकाठचा | २१ जून

अवांतर. इकडे इंग्लंडात उलटी गंगा. आईवडील जिवंतपणी घर मुलांना बक्षीस देतात, म्हणजे पुढे ३,२५,००० पौंडांच्या वरचा ४०% वारसा कर टळावा. पण देऊन पुन्हा त्याच घरात राहिले तर ते बक्षीस धरत नाहीत. म्हणून आईवडीलच मुलीला बाजारभावाने भाडं देतात आणि मुलगी त्यावर आयकर भरते. आमच्या शेजारचे आजोबा दर महिन्याला लेकीला भाडं पाठवतात आणि लेक दर रविवारी त्यांची हिरवळ कापून देते. तुमच्या आईला हे सांगू नका.

कोथरूडचा_करदाता | २१ जून

पुणेकरांसाठी एक. मालक स्वतः राहत असेल तर महापालिकेच्या मिळकत करात ४०% सवलत असते. मध्यंतरी काढली होती, २०२३ मध्ये परत मिळाली, त्यासाठी पीटी-३ फॉर्म भरायला रांगा लागल्या होत्या. ती राहत्या घरासाठी आहे, भाड्याने दिलेल्या घरासाठी नाही. आई तिथेच राहतात, पण दोन खोल्यांचा नोंदणीकृत करार झाल्यावर त्या भागाचं काय, हे आधी विचारून घ्या. नाहीतर वाचलेले पैसे घरपट्टीत जायचे.

सोसायटीचं काही नाही. घरात सभासदाचा मुलगाच राहतोय म्हटल्यावर बिनभोगवटा शुल्क (घर दुसऱ्याला राहायला दिलं की सोसायटी घेते ते) लागत नाही. सेक्रेटरी विचारेल, ते फक्त कुतूहल.

मधला_गडी | २८ जून

मंडळी, काल सीएकडे जाऊन आलो (काकू नव्हे, आमच्या गल्लीतले). त्यांनी आणखी एक टाचणी लावली. भाडं जुलैपासून सुरू होणार, म्हणजे या वर्षी नऊच महिने. भाडं २,२५,००० वजा नऊ महिन्यांच्या बेसिकचे १०%, ५४,०००. सूट १,७१,०००. जुन्यात कर १,४८,६६८, नव्यात १,५०,८००. या वर्षी वाचणार २,१३२ रुपये. कराराचाच खर्च त्याहून जास्त.

सीए_काकू | २८ जून

बरोबर आहे त्यांचं. मी पूर्ण वर्ष धरलं होतं. या वर्षी राहू द्या, एप्रिलपासून करा.

मधला_गडी | ६ जुलै

मीही आईला तेच म्हणालो. म्हटलं, आई, या वर्षी कर काही वाचत नाही, एप्रिलला बघू.

आई टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "कर तुझा. भाडं ठरलंय ना?"

काल संध्याकाळी एजंट यंत्र घेऊन आला. आईचा अंगठा काही केल्या उठेना. चाळीस वर्षं खडू, त्यानंतर भांडी आणि पोळपाट, रेषाच उरल्या नाहीत. तिने पदराने बोट पुसलं, मग थोडं तेल लावलं, मग ते पुसलं. अंगठा, तर्जनी, पुन्हा अंगठा. सातव्या वेळी यंत्राने हिरवा दिवा दाखवला तेव्हा आईने एजंटाकडे असं बघितलं जणू तोच नापास होता होता राहिला.

मग त्याने करार वाचून दाखवला. दोन खोल्या, अकरा महिने, पंचवीस हजार, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत. आई चष्मा लावून ऐकत होती. संपल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, मला नाही, त्याला.

"नूतनीकरणाला दहा टक्के वाढवतात ना सगळे?"

वामकुक्षी | ६ जुलै

काकू, या वाढीवर ३०% वजावट मिळते का? 😂

सीए_काकू | ६ जुलै

आईंना मिळते.